थकवा राहू दे, चीड कशाची येते ते सांग

आधी पत्र. थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, नर्सिंगची डिग्री घेऊन चौदा महिने झाले, मेडिकल वॉर्डला आहे. महिन्यात दहा-बारा नाईट. कंबर धरते, सुट्टीच्या दिवशी नुसती झोपून असते आणि पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायच्या आधी रोज पोटात गोळा येतो की काहीतरी राहिलंय. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कोणी परदेशाची परीक्षा देतंय, कोणी मेडिकल कोडिंगचा कोर्स करतंय, कोणी क्लिनिकल ट्रायल्सला गेलंय. बाबा म्हणतात मास्टर्स कर, आई म्हणते पक्की नोकरी आहे तर गप्प बस. मला नर्सिंग नकोय का हा वॉर्ड नकोय तेच कळत नाहीये. परवा एक आजोबा, हार्ट फेल्युअरचे, डिस्चार्ज होऊन नवव्या दिवशी दम लागून परत आले, का तर लघवीची गोळी त्यांनी बंद केली होती, ती कशासाठी आहे हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं, फाईलवर मात्र पेशंटला समजावलं अशी टिक, मग मी रात्री तीनला बसून सूर्य-चंद्र काढून गोळ्यांचा कागद करून दिला तर इनचार्ज सिस्टर म्हणाल्या हे तुझं काम नाही, चार्टिंग पूर्ण कर. असो. माझी रूममेट हेल्थ सायन्सेसची ग्रॅज्युएट आहे, तिला लायसन्स वगैरे काही नाही, एका क्लिनिकच्या रिसेप्शनला आहे, ती म्हणते तुझ्याकडे निदान सोडायला काहीतरी आहे. आम्हा दोघींना सांगा. ता. क. ती ३१ची आहे, उशीर झाला का असं विचारतेय."

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या "असो"पाशीच थांबले. अख्ख्या पत्रात तू छोटी छोटी वाक्यं लिहिलीयत, दमलेल्या माणसासारखी, आणि आजोबांचं आलं की एकदम श्वास न घेता पाच ओळींचं एकच वाक्य. तिथे तू दमलेली नाहीयेस, चिडलेली आहेस. करिअरबद्दल मला कोणी विचारलं की मी थकव्याला फारसं महत्त्व देत नाही, कारण पहिल्या दोन वर्षांत सगळेच थकतात, जे पुढे वीस वर्षं आनंदाने वॉर्डात राहतात तेही आणि जे पळून जातात तेही. चीड मात्र प्रत्येकीची वेगळी असते. तिच्यावरून बरंच कळतं.

पण थकव्याचं आधी निपटून टाकू, नाहीतर तू म्हणशील ताईंना माझी कंबर दिसलीच नाही.

कॉलेजात शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांची टक्कर झाली की नव्या नर्सचं जे होतं त्याला मार्लीन क्रॅमर या संशोधिकेने १९७४ साली रिअ‍ॅलिटी शॉक असं नाव दिलं, म्हणजे तुझ्या बॅचचा हा काही खास दोष नाही, निदान पन्नास वर्षं हे असंच चाललंय. नंतर पॅट्रिशिया बेनर यांनी ऐंशीच्या दशकात नर्सचा हात कसा बसत जातो याच्या पाच पायऱ्या मांडल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी आधार घेतला तो बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्यावरच्या अभ्यासाचा. त्यांच्या हिशेबाने एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढली की माणूस सक्षम या पायरीवर येतो, त्याआधी प्रत्येक गोष्ट डोक्यात धरून ठेवावी लागते, कुठली महत्त्वाची आणि कुठली मागे टाकली तरी चालेल हे आतून येत नाही. तुझा ओव्हरच्या आधीचा पोटातला गोळा तोच आहे. चौदाव्या महिन्यात तो नसता तर मला उलट काळजी वाटली असती, कारण ज्या नव्या पोरींना काहीच राहिल्यासारखं वाटत नाही त्यांचंच नेमकं राहिलेलं असतं, हे मी आयसीयूत सकाळच्या ड्युटीला जाऊन भरपूर पाहिलंय.

आता माझं एक सांगते, फार अभिमानाचं नाही. मी अकराव्या महिन्यात सोडलं होतं. इनचार्ज बाईंनी सगळ्यांसमोर झापलं, त्याच आठवड्यात मी एका विम्याच्या क्लेम तपासायच्या टेबलावर जाऊन बसले, पगार जवळपास तोच, नाईट नाही, मला वाटलं सुटले. आठ महिन्यांत कळलं की राग मला त्या बाईंचा होता आणि राजीनामा मी कामाचा दिला. परत आले तेव्हा साधी आयव्ही लावताना हात थरथरत होता, ज्युनिअर पोरी बघतायत आणि मी तिसऱ्यांदा टोचतेय. विम्याचं काम वाईट होतं असं अजिबात नाही, माझ्याबरोबरची एक नर्स तिथे रमली आणि पुढे केस रिव्ह्यू टीमची हेड झाली. पण ती तिथे स्वतःच्या पायाने गेली होती, मी पळून गेले होते.

म्हणून वॉर्ड नकोय का नर्सिंग नकोय हे शोधायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वॉर्ड बदलून बघ. लोकांना वाटतं नर्सिंग म्हणजे एकच काम, पण डायलिसिसची नर्स आणि ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स यांचा दिवस एकमेकींना ओळखू येणार नाही इतका वेगळा असतो. डायलिसिसला तेच पेशंट आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार-चार तास, वर्षानुवर्षं, त्यांच्या नातवंडांची नावंसुद्धा पाठ होतात, आणि शिफ्ट बऱ्याच ठिकाणी दिवसाच्या. ओटीत पेशंट बेशुद्ध, नातेवाईक दाराबाहेर, सगळा जीव मोजणीत, स्पंज किती गेले आणि किती आले, ज्यांना शिस्त आवडते आणि सतत बोलायचा कंटाळा येतो त्यांना ते मानवतं. आयसीयूत एक किंवा दोन पेशंट पण त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून. सायकियाट्रीत तर बोलणं हेच औषध. तू दमतेस त्यातलं निम्मं कदाचित मेडिकल वॉर्डच्या गर्दीचं आहे, पेशंट जास्त, प्रत्येकाला पाच आजार, आणि डिस्चार्ज-अ‍ॅडमिशनची सततची ये-जा.

आणि कंबर. याला सहन करायचं खातं उघडू नकोस. पेशंट सरकवायची स्लाइड शीट आणि उचलायचं मशीन, होइस्ट, असेल तर ते वापर, घाई आहे म्हणून एकटीने उचलू नकोस, आणि या महिन्यातच फिजिओला दाखव. नर्सची पाठ गेली तर चालतं असं गृहीत धरणाऱ्या लोकांमुळे चांगल्या चांगल्या नर्सेस घरी बसल्यात.

बरं, आता चिडीकडे येते.

माझी चीड होती सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या इन्फेक्शनची. पेशंट ज्या आजाराने आला तो बरा होतोय आणि आपण घातलेल्या नळीतून त्याला ताप, हे मला सहनच व्हायचं नाही, मी खिशातल्या वहीत लिहायचे की कुठल्या बेडला लाइन कधी घातली, ड्रेसिंग कधी बदललं, ताप कधी आला. कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमनी ती वही बघितली आणि विचारलं लाइन-दिवस किती झाले, म्हणजे किती पेशंटना किती दिवस लाइन होती, कारण इन्फेक्शनचा दर दर हजार लाइन-दिवसांमागे काढतात, नुसते तीन झाले आणि चार झाले याला काही अर्थ नसतो. मला तो शब्दच माहीत नव्हता, पण माझ्या वहीत बेरीज करायला लागणारं सगळं होतं. तिथून मी इन्फेक्शन कंट्रोलला गेले आणि मग तिथेच राहिले. (नाइटिंगेल बाईंना आपण अजून दिवा घेतलेली बाई म्हणूनच ओळखतो, त्या आकडेवारीत इतक्या पक्क्या होत्या की १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं, पहिली बाई. दिव्याच्या चित्रांपेक्षा हे शाळेत शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं.)

माझ्या बरोबरीची एक होती तिला कंप्युटरची चीड, एक पॅरासिटामोल नोंदवायला इतके क्लिक का, म्हणून ती सारखी आयटीवाल्यांशी भांडायची, शेवटी त्यांनीच तिला नव्या सिस्टिमच्या टीममध्ये ओढलं, आता ती नर्सिंग इन्फर्मेटिक्समध्ये आहे, म्हणजे नर्सिंगच्या नोंदी आणि कंप्युटर सिस्टिम यांचं काम. ही स्पेशालिटी काही कालपरवाची नाही, अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने तिला १९९२ सालीच मान्यता दिलीय. दुसरीला व्हेंटिलेटरचे अलार्म नीट सेट न करणाऱ्यांची चीड, ती सगळ्यांना पकडून पकडून शिकवायची, आज ती व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट आहे, नव्या हॉस्पिटलात मशीन गेलं की तिथल्या स्टाफला ट्रेनिंग द्यायला जाते. या दोघींनी ठरवून करिअर वगैरे काही निवडलं नव्हतं.

तुझी चीड काय तर पेशंट घरी गेला पण त्याला काही समजलं नाही. तुला कदाचित वाटत असेल ही माझी भाबडी माया आहे, इनचार्ज म्हणतात तसं हे माझं कामच नाही. तर सांगते, हे काम आहे, त्याला नावं आहेत, पदं आहेत आणि पुरावे आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेरी नेलर या नर्सने याच विषयात आख्खं आयुष्य काढलं, वयस्कर पेशंट हॉस्पिटलातून घरी जाताना आणि गेल्यावर काही आठवडे एका अनुभवी नर्सने त्यांची जबाबदारी घेतली तर पुन्हा अ‍ॅडमिट होणं कमी होतं हे त्यांनी एकामागून एक ट्रायल करून दाखवलं. बॉस्टनमध्ये एक अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, ७४९ पेशंट, त्यातल्या निम्म्यांना एका नर्सने डिस्चार्जच्या आधी बसून समजावलं, चित्रांची सोपी पुस्तिका दिली, पुढच्या अपॉइंटमेंट घेऊन दिल्या, आणि घरी गेल्यावर फार्मासिस्टने फोन करून औषधं तपासली. महिन्याभरात हॉस्पिटलात परत यायचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी. चित्रांची पुस्तिका, लक्षात येतंय ना? तू रात्री तीनला सूर्य-चंद्र काढलेस ते तेच.

फरक एवढाच की त्या लोकांनी ते मोजलं. म्हणून माझं तुला पहिलं काम हे की एक वही कर. आठवड्याला दोनच पेशंट घे, जास्त नको, हार्ट फेल्युअरचे घे कारण तिथे गोष्टी स्पष्ट असतात, गोळी कशाची, मीठ किती, रोज सकाळी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलोच्या वर चढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. समजावून झालं की कळलं का असं विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर सूनबाईंना ही गोळी कशाची म्हणून सांगाल?" असं विचार आणि ते काय म्हणतात ते ऐक, चुकलं तर पुन्हा सांग, पुन्हा विचार. याला टीच-बॅक म्हणतात. वहीत नाव नाही, नुसतं तारीख, आजार, काय सांगितलं, पहिल्या खेपेला काय चुकीचं सांगितलं, आणि महिन्याभरात परत आले का. सहा महिन्यांत पन्नासेक पेशंट होतील. यातून संशोधन वगैरे सिद्ध होणार नाही, पण इंटरव्ह्यूत तुझ्याकडे बोलायला असं काहीतरी असेल जे शंभर सर्टिफिकेटवाल्यांकडे नसतं.

आणि हे इनचार्जच्या पाठीमागे करायचं नाही. त्या जे बोलल्या ते मला लागलं, तरी त्या पूर्ण चुकीच्या नाहीत, चार्टिंग अर्धवट राहिलं आणि रात्रीत काही झालं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं, आणि कायद्याच्या दृष्टीने जे लिहिलं नाही ते केलंच नाही. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, सरळ विचार, "मॅडम, डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी दोन पेशंट मी करू का, चार्टिंग सांभाळून?" बहुतेक हो म्हणतील. नाही म्हणाल्या तर क्वालिटीवाल्यांना भेट, परत अ‍ॅडमिट होणाऱ्यांचा आकडा हा त्यांचा डोक्याला ताप असतो, त्यांना तू हवीच असतेस.

इथून पुढचे रस्ते म्हणजे डायबेटिस एज्युकेटर, हार्ट फेल्युअर नर्स, स्टोमा नर्स (ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावलेल्यांसाठी), ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, डिस्चार्ज प्लॅनर, केस मॅनेजर, होम केअर, फोनवरून ट्राएज (कोणाला किती तातडी आहे ते ठरवणं). यातली जवळपास सगळी पदं दोन-तीन वर्षांचा वॉर्डचा अनुभव मागतात. म्हणून तू सध्या वॉर्ड सोडू नकोस असं मी म्हणतेय, आई म्हणते त्या कारणासाठी नाही. पक्की नोकरी वगैरे ठीक आहे, पण मला तुझ्या हाताला अजून एक वर्ष हवंय. बदली मागून कार्डिअ‍ॅक वॉर्ड किंवा डायबेटिस ओपीडी मिळाली तर उत्तमच.

ग्रुपवरच्यांचं बघून तुझ्या मनात जे येतंय त्यावर आता भराभर बोलते.

परदेश. नर्सेस कमी आहेत हे खरंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात २०२३ सालचा हिशेब आहे, जगात २.९८ कोटी नर्सेस आणि तरी ५८ लाखांची तूट, आणि दर सात नर्सेसमागे एक जन्मली तो देश सोडून दुसरीकडे काम करतेय. म्हणजे दार उघडं आहे. पण प्रत्येक देशाचं कुलूप वेगळं. अमेरिकेला एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा, पाच तास, ८५ ते १५० प्रश्न, तुझी उत्तरं बघून कंप्युटर पुढचा प्रश्न ठरवतो आणि तू पास का नापास याची त्याला खात्री पटली की थांबतो, त्यामुळे ८५ला बंद पडला म्हणून लोक रडतात ते उगाच. ब्रिटनला आधी कंप्युटरवरची परीक्षा आणि मग तिथे जाऊन ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष हाताने करून दाखवायचं. भाषेसाठी आयेल्ट्स किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा, ओईटीत रेफरलचं पत्र वगैरे आपल्याच कामातलं येतं म्हणून अनेकींना ते बरं वाटतं. जायचं असेल तर जरूर जा, पण एक लक्षात ठेव, वॉर्ड तिथेही वॉर्डच असतो, नाईट तिथेही असते आणि पहिलं वर्ष पुन्हा नवखेपणाचं. इथून सुटायला म्हणून गेलीस तर तिथे परक्या भाषेत चिडशील. आणि एजंटला ओरिजिनल सर्टिफिकेट कधीही द्यायची नाहीत, न वाचता बॉन्डवर सही नाही, इतक्या वर्षांचा बॉन्ड मोडला तर किती भरायचे हा आकडा कागदावर दाखवत नसेल तर उठून यायचं.

कोडिंग. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारांना आयसीडीचे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले कोड लावायचे. शांत काम, घरूनही होतं, आणि नर्सला फाईल वाचता येते त्यामुळे ती नुसत्या कोर्सवाल्यापेक्षा पुढे असते. पण सोप्या फायली आता सॉफ्टवेअर ओढून नेतंय, माणसाला उरतं ते अवघड आणि तपासणीचं काम. तुला माणसाशी बोलायला आवडतं, तू तिथे सहा महिन्यांत सुकशील असं मला वाटतं. चुकत असेन तर कळव.

ट्रायल्स आणि औषधांची सुरक्षितता. हे मला मनापासून आवडतं आणि नर्सेस इथे कमी जातात याचं वाईट वाटतं. १९६१ साली थॅलिडोमाइड, गरोदर बायकाही घ्यायच्या ते औषध, मागे घेतलं गेलं तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती, त्यातून औषध बाजारात आल्यावरही त्याच्यावर नजर ठेवायची पद्धत उभी राहिली, १९६८ला दहा देशांनी मिळून नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. आज अनेक देशांत ट्रायलमध्ये औषधामुळे कोणाच्या जिवावर बेतलं आणि ते अनपेक्षित होतं तर सात दिवसांत कळवायचं, बाकीच्या अनपेक्षित गंभीर गोष्टी पंधरा दिवसांत. गंभीर म्हणजे काय हे ज्याने बेडशेजारी उभं राहून पाहिलंय तो हे काम वेगळंच करतो. नर्सची नजर काय करू शकते याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९५६ची, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड (आडनावच वॉर्ड) अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात न्यायच्या, एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, सगळं अंग फिकं झालेलं, फक्त चादरीचा कोपरा पडला होता तेवढा त्रिकोण पिवळा राहिलेला. काविळीच्या बाळांना आज आपण निळ्या दिव्याखाली ठेवतो त्याची सुरुवात तिथून. तर ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून जायचं असेल तर जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट करायच्या नियमांचं ट्रेनिंग कर, ऑनलाइन होतं, आणि संमतीपत्र समजावून सांगणं हा त्या कामाचा गाभा आहे, म्हणजे पुन्हा तुझंच. हा रस्ता तुझ्या यादीत दुसऱ्या नंबरला ठेव.

मास्टर्स. बाबांना सांग करेन, पण कशात ते कळल्यावर. काय करावं सुचत नाही म्हणून केलेलं मास्टर्स दोन वर्षांनी तुला याच जागी आणून सोडतं, फक्त फी भरून झालेली असते. शिकवायची आवड असेल, टीचिंग किंवा सिम्युलेशन लॅबकडे जायचं असेल तर ते लागतंच. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल तरी लागतं, म्हणजे तपासणं, निदान, औषधं लिहून देणं, हे पद १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलं, पण त्याचे अधिकार देशागणिक बदलतात आणि काही ठिकाणी ते पदच नाही, त्यामुळे कोर्स घ्यायच्या आधी जिथे काम करायचंय तिथल्या नर्सिंग कौन्सिलचे नियम वाच. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस, ते विकायला बसलेत.

आता रूममेट. तू तिच्याबद्दल फार कमी लिहिलंयस, त्यामुळे मला अंधारात बाण मारावा लागतोय. तिचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते अनेकांचं आहे. हेल्थ सायन्सेसच्या डिग्रीत शरीरशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, आकडेवारी, व्यवस्थापन असं सगळं थोडं थोडं असतं आणि शेवटी कुठल्याही कौन्सिलचा नोंदणी नंबर हातात येत नाही, म्हणजे पेशंटला हात लावायचा अधिकार नाही. प्रवेश घेताना पर्याय खूप म्हणून सांगतात आणि खूप पर्याय म्हणजे प्रत्यक्षात एकही तयार रस्ता नाही असं निघतं, ही त्या डिग्रीबद्दलची माझी जुनी तक्रार आहे.

तिने आधी एकच गोष्ट ठरवायची, पेशंटला हात लावायचाय का नाही. लावायचा असेल तर लायसन्सवालं दुसरं शिक्षण घ्यावंच लागेल, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र किंवा नर्सिंग, आधीची डिग्री असलेल्यांसाठी काही देशांत नर्सिंगचा वेगवान कोर्स असतो, अकरा ते अठरा महिन्यांचा, फार दमवणारा. त्याआधी तिने तुझ्याबरोबर, परवानगी काढून, एक दिवस वॉर्डात सावलीसारखं फिरावं, बऱ्याच जणींचं उत्तर त्या एका दिवसात मिळतं.

हात लावायचा नसेल तर डिग्रीला एक कणा लावायचा, एकच, आणि नीट. आकड्यांची आवड असेल तर बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी (लोकांत आजार कसे पसरतात याचा अभ्यास), एक्सेलच्या पुढे जाऊन आर किंवा एसक्यूएल या आकडे हाताळायच्या कंप्युटर भाषा शिकायच्या. लिहिता येत असेल तर मेडिकल रायटिंग. व्यवस्था लावायला आवडत असेल तर हॉस्पिटल ऑपरेशन्स, क्वालिटी, हेल्थ रेकॉर्ड्स. ट्रायल्स आणि औषध सुरक्षितता तिलाही उघडं आहे, तिथे नर्सिंगचंच लायसन्स हवं असं बहुतेक ठिकाणी नसतं. पाच ऑनलाइन सर्टिफिकेट गोळा करायच्या फंदात तिने पडू नये, ती भिंतीवर छान दिसतात, बस. आणि रिसेप्शनला ती तुच्छ समजत असेल तर चुकतेय. क्लिनिकमध्ये पेशंट कुठे अडकतो, कोण अपॉइंटमेंट घेऊन येत नाही, कुठल्या दिवशी फोन लागत नाही हे डॉक्टरलाही माहीत नसतं, ते तिला माहीत असतं. दोन महिने तिने हे शीटमध्ये भरावं, न येणाऱ्यांचं प्रमाण काढावं, आठवण करायचा एक फोन आदल्या दिवशी केल्यावर ते बदलतं का बघावं, आणि ते क्लिनिकच्या मालकासमोर ठेवावं. ऑपरेशन्सच्या इंटरव्ह्यूत हे सांगणारा उमेदवार मी तरी लगेच घेईन. तिला तिथे चीड कशाची येते हे तूच विचार आज, उत्तर बहुतेक तुझ्या प्रश्नाआधी येईल.

३१चं म्हणशील तर सिसिली साँडर्स यांचं सांग तिला. दुसऱ्या महायुद्धात नर्सिंग शिकल्या, पाठीने दगा दिला (हे तू पण वाच), नर्सिंग सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना एकच गोष्ट खुपत राहिली, मरणाऱ्या पेशंटच्या वेदनेकडे कोणी बघत नाही, यात काही करता येत नाही असं म्हणून डॉक्टर पुढच्या बेडकडे जातात. १९५१ साली, ३३व्या वर्षी त्यांनी मेडिकलला प्रवेश घेतला, १९५७ला डॉक्टर झाल्या आणि १९६७ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या दारातल्या पेशंटची काळजी घ्यायची जागा, उघडलं. आजची हॉस्पिसची सगळी चळवळ तिथून निघते. आणि त्यांना शेवटपर्यंत नर्सिंग आणि समाजसेवेतलं शिकलेलं कामी येत राहिलं, काही फुकट गेलं नाही.

तिला सांग त्या क्लिनिकची शीट दोन महिन्यांनी मला पाठवायला, नावं काढून. तू वही सुरू केलीस की कळव, पहिल्या दहा पेशंटनी गोळीबद्दल काय काय उलटसुलट सांगितलं ते मला वाचायचंय. आणि त्या आजोबांच्या कागदाचा फोटो काढला असशील तर नाव झाकून तोही पाठव, दुपारच्या गोळीला तू काय काढलंस, अर्धा सूर्य का?